गावपळण आणि सपाट रेघ

सकाळचे अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. स्क्रीनवरची हिरवी रेघ चढत चढत वर गेली आणि टोकाला पोचून सपाट झाली.

भाई माझ्या मागे उभे होते. भाई म्हणजे आमचे मालक. कसालच्या नाक्यावर एका दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस आहे. आधी ते केबल टीव्ही द्यायचे. आता आजूबाजूच्या गावांना इंटरनेट देतात. रेघ बघून ते खूश झाले.

"बघ गो सुनंदा, कशी सरळ जाता! कालच्यासारखी उडी नाय, काय नाय. ह्येका म्हणतत स्टेबल."

ती रेघ स्थिर नव्हती, भरलेली होती. घागर भरली की पाणी वर चढायचं थांबतं, तशी. बाकीचं बाहेर सांडत असतं, पण सांडलेलं त्या स्क्रीनवर दिसत नाही.

मी रजिस्टर ओढलं आणि लिहिलं: "११.०५. सपाट. उपकेंद्राचं काय?" लिहिलं आणि गप्प बसले.

मी चौथीपर्यंत शिकले. या ऑफिसात आले ती केर काढायला आणि चहा करायला. यंत्रांचं एक उंच लोखंडी कपाट आहे, त्याला रॅक म्हणतात. त्यावरची धूळ पुसायचं कामही माझ्याकडे आलं. दर गावासाठी, दर खांबासाठी त्यात एकेक वायर आहे. माझं अक्षर सुटं आहे म्हणून वायरींवरच्या चिठ्ठ्या मला लिहायला सांगितल्या. अशी कुठली वायर कुठे जाते ते मला पाठ झालं.

रजिस्टरचं काम निखिल सर आल्यावर लागलं. निखिल सर इंजिनियर. पुण्याकडचे, वयाने माझ्या भाच्याएवढे. स्वभावाने चांगले, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांना शोधायचं होतं की आमच्या गावांमधून व्हिडिओ किती बघितला जातो आणि पुढे किती लागेल. पण आमचा कॉम्प्युटर आदल्या दिवसापलीकडचे आकडे नीट ठेवत नसे. जुने झाले की त्यांची सरासरी करून टाकी. महिन्याच्या पावसाची सरासरी काढली तर व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, कधी पूर आलाच नाही असं वाटेल. तसंच ते. सरांना पूर हवा होता. म्हणजे दर पंधरा मिनिटांतला सगळ्यात उंच आकडा.

"वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागेल, एक कॉम्प्युटर लागेल," ते म्हणाले.

"कॉम्प्युटर कशाला? सुनंदा आहे ना," भाई म्हणाले.

अशी मी स्क्रीनसमोर बसले. सरांनी चार रकाने आखून दिले. वेळ. येणारं. जाणारं. शेरा. येणारं म्हणजे लोक जे बघतात ते. जाणारं म्हणजे लोक जे दाखवतात किंवा पाठवतात ते. येणारं नेहमी मोठं, जाणारं अगदी बारीक. शेऱ्यात काय लिहायचं ते कुणी सांगितलं नाही. मी आपली रेघ वर का गेली ते लिहायची. अमक्या वाडीत साखरपुडा. बोटी आल्या, माणसं घरी. लाइट गेली होती, आता आली.

बसून बसून मला एक गोष्ट कळली. बसलेल्या माणसाचा व्हिडिओ कमी जागा खातो आणि नाचणाऱ्याचा जास्त. सरांना विचारायचं धाडस नव्हतं, पण एकदा ते स्वतःच भाईंना सांगत होते. चित्रात जे हललं तेवढंच नव्याने पाठवावं लागतं. काही हललं नाही तर पाठवायला फारसं काही नसतं. म्हणून दशावताराच्या व्हिडिओत राजा बोलत असला की रेघ खाली असते आणि राक्षस रंगमंचावर आला की उडी मारते. मी नुसत्या रेघेवरून सांगू शकले असते की राक्षस आला.

सर दर शनिवारी माझ्या रजिस्टरातले आकडे लॅपटॉपवर घालत. त्यातून त्यांचं मॉडेल तयार होत होतं. मॉडेल म्हणजे अंदाज बांधायची रीत. एका कुणग्यातल्या, म्हणजे शेताच्या एका तुकड्यातल्या, भाताच्या लोंब्या मोजून सगळ्या मळ्याचं पीक किती येईल ते आपण सांगतो, तसंच. आमच्याकडची जुनी माणसं ते बोटांवर करतात. सर ते गणिताने करत.

एका शनिवारी त्यांनी रजिस्टरावर बोट ठेवलं.

"मावशी, इथे जाणारं एवढं मोठं कसं? एक शून्य जास्त पडलंय का?"

तो आमच्या जत्रेचा दिवस होता. वाडीवाडीतल्या पोरांनी पालखी फोनवर धरून मुंबईच्या नातेवाइकांना दाखवली होती. आकडा बरोबर होता. शेऱ्यात तसं लिहिलंही होतं. पण साहेबांना उलट सांगणं मला जमत नाही.

"असेल सर," मी म्हणाले.

त्यांनी लाल पेनने त्या ओळीवर काट मारली.

मग गावपळण आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दर तीन वर्षांनी देवाचा कौल झाला की आमचा अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळी. चुली विझवतात, दारं लावतात. व्हाळापलीकडे शेजारच्या गावाचा माळ आहे, तिथे माडाच्या झापांच्या खोपी, म्हणजे झोपड्या, बांधतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परत येतात. लहानपणापासून मला ते दिवस आवडतात. सासर-माहेर दोन्ही याच गावात, म्हणून माझी एकही गावपळण चुकलेली नाही.

माळाला लागूनच शेजारच्या गावाचं उपकेंद्र आहे. उपकेंद्र म्हणजे छोटा सरकारी दवाखाना. तिथे एक सिस्टर असते, डॉक्टर नसतो. डॉक्टर लांब शहरात बसतो आणि व्हिडिओवर पेशंट बघतो. ती लाइन आमची. टेकडीवरच्या आमच्या टॉवरवरून एक डिश उपकेंद्राच्या खांबाकडे तोंड करून आहे. टॉवरपासून पुढे वायर नाही, हवेतूनच जातं.

भाईंच्या डोक्यात आलं की तीन दिवस गिऱ्हाइकांची घरं बंद, तर त्यांना माळावर मोफत वाय-फाय द्यावं. नाव होईल. मोबाइलवर तिथे जेमतेम बोलता येतं, नेट मिळत नाही. डिश आयती आहे, ऑफिसातल्या रॅकमध्ये फक्त एक वेगळी वायर जोडायची. त्यांनी बॅनरसुद्धा करून घेतला. पण त्याआधी सरांना विचारलं, तेवढं भाईंचं बरोबर होतं.

त्या मीटिंगला तिघेच होतो. भाई, सर आणि चहाचा ट्रे घेऊन मी.

सरांनी लॅपटॉप फिरवून दाखवला. "तीनशे घरं आहेत. सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हासुद्धा तीन घरांतलं एकच घर बघत असतं. प्रत्येक घर आपापल्या वेळेला लावतं, आपापल्या वेळेला बंद करतं. सगळी घरं एकाच मिनिटाला लागतील याची शक्यता जवळजवळ शून्य. एक डिश पुरते."

"आणि उपकेंद्राचं? त्यांचा डॉक्टर व्हिडिओवर असतो," भाई म्हणाले.

"ते अगदी थोडं आहे, त्यातच बसेल. जाणारं तर इथे कुणी वापरतच नाही. म्हणून डिशचा मोठा वाटा मी येणाऱ्याला दिलाय."

मी कप त्यांच्यापुढे ठेवले.

मला साकव आठवला. व्हाळावर पूर्वी लाकडी साकव होता. एका वेळी एक माणूस जाईल एवढाच. वर्षभर तो गावाला पुरायचा. कुणी सकाळी जाई, कुणी दुपारी. त्याच्यावरून कधी भांडण झालेलं मी ऐकलं नाही. पण गावपळणीच्या दिवशी अख्खा गाव एकदम तिथे येई. गुरांसकट, टोपल्यांसकट. मी सात-आठ वर्षांची असताना त्या गर्दीत आमचं वासरू साकवावरून खाली पडलेलं मी बघितलं होतं. साकव तोच होता आणि गावही तोच.

शिवाय माळावर माणसं बघणार नव्हती, ती दाखवणार होती. खोपी, चुली, भजन, फुगडी. मुंबईला जे कुणी येऊ शकले नाहीत त्यांना. हे सगळं जाणारं. सरांनी त्याचीच वाट अरुंद करून ठेवली होती. आणि ती का अरुंद केली ते मला माहीत होतं. जत्रेच्या ओळीवर मी काट मारू दिली होती.

"सर..." मी म्हणाले.

दोघांनी मान वर केली. "काय मावशी?"

"साखर कमी नाही ना झाली?"

"नाही नाही, छान झालाय."

मी ट्रे घेऊन आत गेले. त्या दिवशीच्या शेऱ्यात लिहिलं: "गावपळणीचा कौल झाला. तीन दिवस घरं नाहीत. सगळे माळावर. सगळे दाखवणार. एकदम." मला वाटलं, सर शनिवारी वाचतील. सर शनिवारी आले. वेळ, येणारं, जाणारं एवढं लॅपटॉपवर घातलं आणि गेले. शेरा ते कधीच घालत नसत. आकडा नसलेली गोष्ट त्यांच्या मॉडेलात बसत नव्हती.

घरी मी हे माझ्या थोरल्या जावेला सांगितलं. शेवंती तिचं नाव, मी तिला बाय म्हणते. बाय बाजारात मासळी विकते. तिचा आवाज एसटी स्टँडपर्यंत जातो. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती अशी काही बोलते की शेजारच्या बायका आपला धंदा सोडून ऐकत बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून घरात माझ्या वाट्याचं बोलणं तीच बोलत आली.

"मगे तू काय बोललंस तेंका?" तिने विचारलं.

"साखर इचारलंय."

बाय हसत सुटली. सुरी खाली ठेवून हसली. "शिरा पडली तुझ्या तोंडार! मिठाची गुळणी धरून बसतंस आणि साखरेचा इचारतंस?"

"तेंका सगळा म्हायत आसतला, बाय. शिकलेले आसत."

"शिकलेल्यांका गावपळण म्हायत आसा काय? ती तुका म्हायत. उद्या जावन सांग. तुका जमणा नाय तर माका घेवन चल, मी सांगतंय. एकदा सांगलंय तर जन्माची आठवण ऱ्हवात तेका."

"नको."

"कित्याक नको?"

"नको म्हटलंय ना. लाज वाटता."

तिने मान हलवली आणि पुन्हा मासे कापायला घेतले.

गावपळणीचा पहिला दिवस खोपी बांधण्यातच गेला. लोक थकून पडले. रेघ अधूनमधून वर-खाली झाली, एवढंच. दुसऱ्या दिवशी मी माळावरूनच सकाळच्या एसटीला गेले. निघताना बाय चुलीशी होती. चहाचं भांडं तिच्या हातातून कलंडलं.

"हात जड झालोहा गो," ती म्हणाली. "रातभर दगडार निजलंय तेना."

"वायच तेल चोळ," मी म्हणाले आणि एसटी पकडली.

दहाच्या सुमाराला माळावर फुगड्या सुरू झाल्या. कुठलेतरी टीव्हीवाले आले आणि त्यांनी आमच्याच वाय-फायवरून लाइव्ह दाखवायला घेतलं. ते आले म्हटल्यावर प्रत्येकाने आपापला फोन काढला. माझ्या डोळ्यांसमोर जाणाऱ्याची रेघ उठली आणि अकरा वाजून पाच मिनिटांनी सपाट झाली. तिथून मी हे लिहायला सुरुवात केली आहे.

सव्वाअकराला ऑफिसचा फोन वाजला. भाईंनी घेतला. मला त्यांच्याच बाजूचं ऐकू येत होतं.

"हो मॅडम... अडकतंय? डॉक्टर दिसत नाहीत? बघतो. पाच मिनिटांत होईल."

सर नांदगावला होते. रस्त्याच्या कामात केबल तुटली होती, ती जोडायला गेले होते. भाईंनी त्यांना फोन लावला. सरांनी सांगितलं, डिश एकदा बंद करून चालू करा. भाईंनी केली. रेघ धाडकन खाली आली. दोन मिनिटं सगळं मोकळं झालं. मग माळावरचे सगळे फोन पुन्हा जोडले गेले आणि रेघ पुन्हा वर जाऊन सपाट झाली.

"आता परत सरळ झाली," भाई म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की झालं.

मी खुर्चीत चुळबुळले. तोंड उघडलं. "भाई, माळावरचं वाय-फाय जरा..."

"काय गो?"

"बंद केलं तर..."

"खुळी काय तू? बॅनर लावलोहा. टीव्हीवाले आसत थंय."

मी गप्प झाले. हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला कारण माहीत होतं, उपायही माहीत होता, आणि एकदा नाही म्हटल्यावर मी गप्प झाले. रजिस्टरात पुढच्या दोन ओळी भरल्या. ११.३०, सपाट. ११.४५, सपाट.

बाराला दहा कमी असताना फोन पुन्हा वाजला. भाई गॅलरीत मोबाइलवर बोलत होते. मी उचलला. उपकेंद्राची सिस्टर होती. नवीन मुलगी, आवाज रडवेला.

"अहो, काहीतरी करा ना! पेशंटचं तोंड वाकडं व्हायला लागलंय. डॉक्टरांकडे पहिलं चित्रच अडकून बसलंय. ते म्हणतात चेहरा सरळ आहे, थोडा वेळ झोपवून ठेवा. मी सांगतेय ते त्यांना तुटक ऐकू जातंय."

"कोण पेशंट?" मी विचारलं.

"मासळी विकतात त्या. शेवंती नाव आहे."

मी फोन खाली ठेवला. रॅकपाशी गेले. तिसरी ओळ, डावीकडून चौथी, निळी वायर. "माळ वाय-फाय" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. ओढली.

रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली.

भाई धावत आत आले. "नेट गेला म्हणतत थंय! काय केलंस गो?"

"ओढलंय."

"लाव ती परत! टीव्हीवाले लाइव्ह आसत!"

"आसांदेत."

"सुनंदा, मी सांगतंय तुका..."

वायरचं टोक माझ्या मुठीत होतं. मी ते पाठीमागे धरलं. "बाय आसा थंय," मी म्हणाले. भाई खुर्चीवर बसले.

सिस्टरने नंतर सांगितलं की एका मिनिटात चित्र मोकळं झालं. डॉक्टरांनी बायचा चेहरा बघितला आणि ओरडलेच. ताबडतोब ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या, मेंदूत रक्ताची गाठ अडकली आहे. रुग्णवाहिका यायला वेळ गेला. मीही कसालहून ओरोसला गेले, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, सुरुवात कधी झाली? मी सांगितलं, सकाळी चहाचं भांडं पडलं तेव्हा. त्यांनी घड्याळ बघितलं. गाठ विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते ठरावीक वेळेच्या आतच देता येतं.

"थोडक्यात वेळ हुकली," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता.

त्या थोडक्यातली पंचेचाळीस मिनिटं माझ्या रजिस्टरात ओळीने लिहिलेली आहेत.

बाय जगली. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा गेली. समजतं सगळं.

एक गोष्ट मला अजून खुपते. बाय त्या वेळी खाटेवर निजून होती. निजलेल्या माणसाचं चित्र फार थोडी जागा मागतं. फुगडीच्या शंभराव्या हिश्श्यानेही तिचं भागलं असतं. तेवढीसुद्धा जागा उरली नव्हती. आणि दुसरी गोष्ट. सिस्टरने दुसऱ्या कुणाचं नाव सांगितलं असतं तर मी ती वायर ओढली असती का, हे मला माहीत नाही. ओढली असती असं लिहायला मन होतं, पण लिहीत नाही.

आठवड्याने निखिल सर आले. त्यांनी रजिस्टर मागितलं आणि पहिल्यांदाच शेरा वाचायला घेतला. पहिल्या पानापासून. मी आत भांडी घासत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली.

"मावशी, ही जत्रेची ओळ. शून्य जास्त पडलं नव्हतं, हो ना?"

"नाही सर. आकडा बरोबर होता."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

त्यांनी पान उलटलं. कौलाच्या दिवशीचा शेरा निघाला. "सगळे दाखवणार. एकदम," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग लॅपटॉप बंद केला.

"हे इथेच होतं," ते म्हणाले. "मी शनिवारी याच पानावर बोट ठेवून आकडे घातले."

मग म्हणाले, "मी धरून चाललो होतो की प्रत्येक घर वेगळं. माझं सगळं गणित त्याच्यावर उभं होतं."

मी त्यांना साकवाचं सांगितलं. उभ्यानेच, सलग, वासरासकट. एवढं लांबलचक मी त्या ऑफिसात पहिल्यांदाच बोलले. सरांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी विचारलं, "वासराचं काय झालं?"

"पाय मोडला. मग गेलं."

सरांनी डिशचा एक वाटा उपकेंद्रासाठी बाजूला काढला. तो दुसऱ्या कुणाला मिळत नाही. भाईंना ते पटायला वेळ लागला. "दिवसभर रिकामो ऱ्हवता, तो तसोच ठेवूचो?" असं ते अजून अधूनमधून म्हणतात. सर म्हणतात, "रिकामाच राहू दे." शेऱ्याचा रकाना आता सर सगळ्यात आधी घालतात. जत्रा, लग्न, बोटी, गावपळण, सगळ्याला त्यांनी खुणा दिल्या आहेत. त्यांचं मॉडेल आता बरंच खरं सांगतं, असं ते म्हणतात.

गावात भाईंनी सांगितलं की वरूनच प्रॉब्लेम होता. लोकांना ते पटलं. वरून म्हणजे कुठून, ते कुणी विचारलं नाही.

भावजींनी मात्र मला विचारलं. भावजी म्हणजे बायचा नवरा. खळ्यात बसून जाळं सांधत होते. "नेट नक्की कित्याक अडाकला गो?"

मी सगळं सांगितलं. जत्रेची ओळ, मीटिंग, साखर, ११.०५, ११.३०, ११.४५. ते जाळ्याकडे बघत ऐकत होते. हात चालू होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "बायक सांगू नको."

पण मी तिला सांगितलं. दोन दिवसांनी, तिला भरवताना. तिच्यापासून लपवून मी त्या घरात राहू शकले नसते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डावा हात उचलला आणि माझ्या तोंडावर चापट मारली. जोरात लागली. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्या हातून घास घेतला नाही. भावजी भरवत.

तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन गेले तर तिने तोंड उघडलं. पहिला घास गिळला. मग ओठ हलवायला लागली. डावीकडचा अर्धा ओठच हलतो. "सा... सा..." असा आवाज आला. मला वाटलं, सांडलं म्हणते. मी पुसलं. तिने मान हलवली. पुन्हा "सा... साक..."

मग मला कळलं. ती साखर म्हणत होती. पेजेत घालायला नव्हे. अर्धं तोंड हसत होतं.

मी पदराने तोंड झाकलं. पेज सगळी भरवली.

ती बोलत नाही, म्हणून आता संध्याकाळी मी तिला ऑफिसातलं सांगते. रेघ कुठे चढली, कुणाकडे काय होतं. ती ऐकते. पटलं नाही तर डाव्या हाताने खाट ठोकते.

रजिस्टर भरलं की मी नवं घेते. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकच गोष्ट लिहिते. माझ्यानंतर त्या खुर्चीवर जी कोणी बसेल तिच्यासाठी:

रेघ सपाट झाली म्हणजे सगळं ठीक नाही, भरलं आहे. विचारत बसू नये. तिसरी ओळ, डावीकडून चौथी, निळी वायर. आधी ओढावी. पेशंट कोण ते नंतर विचारावं.